उचकीवरील औषधात झालेल्या सुधारणा

माणूस बरा होणे ही त्याची खासगी बाब आहे. त्याचा आजार परत येणे मात्र सर्वांच्या हिताचे असते. हे सत्य उचकीवाल्या डॉक्टरांना वयाच्या एकावन्नाव्या वर्षी उमगले.

तोवरची एकोणीस वर्षे त्यांनी तळघरातल्या प्रयोगशाळेत उंदरांना उचक्या लावण्यात आणि मग त्या थांबवण्यात घालवली होती. (उंदराची उचकी ऐकू येत नाही, ती मिशीवर मोजावी लागते.) शेवटी औषध सापडले. जिभेखाली एक थेंब, की उचकी जन्मात परत नाही. महिनोन्महिने उचकीने जेवण-झोप पारखी झालेल्या चाळीस जणांवर चाचणी झाली. एकोणचाळीस बरे झाले. (पैकी एकाची तक्रार होती, की आता आपली कोणी आठवणच काढत नाही.) चाळिसावा पुन्हा आलाच नाही.

डॉक्टरांनी नोकरी सोडून कंपनी काढली. गुंतवणूकदार बाईंनी अहवाल वाचला, चष्मा पुसला.

"एक थेंब. आणि मग?"

"मग काही नाही. बरा होतो."

"ते कळलं हो. पण पुढच्या महिन्यात तो आपल्याकडे कशाला येईल?"

डॉक्टर प्रामाणिक होते. औषधातला दोष त्यांनी मान्य केला आणि ते कामाला लागले. दुसऱ्या आवृत्तीचा गुण वर्षभर टिकला, तिसरीचा महिनाभर. सहावी तर थेंबाऐवजी गोळीच होती; तिचा गुण बरोबर चोवीस तास टिके, आणि गोळी चुकली की उचकी दामदुपटीने परत येई. कंपनी तळघरातून सातव्या मजल्यावर गेली. चुकून कोणी बरा होऊ नये म्हणून मूळ औषधाच्या बाटल्या कुलपात ठेवल्या. त्या काढायला संस्थापकांची परवानगी लागेल, असा नियम झाला. आणि संस्थापकांनी ती कधीही देऊ नये, असा दुसरा. दोन्हींवर डॉक्टरांचीच सही होती.

मग त्यांच्या थोरल्या बहिणीला उचकी लागली. नवव्या दिवशी ती भिंत धरत धरत सातव्या मजल्यावर आली.

"अरे, ते तुझं पहिलं — हिक् — औषध दे की. एकदाच घ्यायचं ते."

"ताई, ते बंद झालं."

"कोणी केलं — हिक् — बंद?"

"कंपनीने," डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले.

त्यांना रात्रभर झोप आली नाही. सोमवारी त्यांनी भाऊ या नात्याने रीतसर अर्ज केला. बुधवारी संस्थापक या नात्याने तो वाचताना त्यांचे डोळे भरून आले. अर्ज हृदयस्पर्शी होता; पण नियमात बसत नव्हता. नकाराचे पत्र त्यांना शुक्रवारी टपालाने घरी मिळाले.

ताई आता रोज सकाळी आठला गोळी घेते आणि भेटेल त्याला कौतुकाने सांगते, "माझ्या भावाचं औषध आहे. एक दिवस चुकवून चालत नाही!"

हे वाचून काहींना संताप येईल, हे हेरून कंपनीने त्यावरही गोळी काढायचे ठरवले होते. परंतु वाचकाचा संताप सरासरी साडेतीन मिनिटांत आपोआप उतरतो, असे पाहणीत आढळले. सबब, तो प्रकल्प बंद करण्यात आला.