बोटीवर सांडलेलं सूप

शाळेच्या खानावळीत सत्तावीस वर्षं रोज चारशे पोरांचा स्वयंपाक केलेल्या बाईला दोन बर्नरची शेगडी काय घाबरवणार? मावशींनी नवऱ्याला तसं बजावूनच ठेवलं होतं. व्हॅनमध्ये उभं राहायला वीतभर जागा मिळाली, तरी चारी ठाव जेवण करून दाखवीन, म्हणाल्या. मावशी हे नाव शाळेतल्या पोरांनी दिलेलं. निवृत्त झाल्या तरी ते काही सुटलं नव्हतं.

व्हॅन नवऱ्याची. चाळीस वर्षं बस चालवून घरी बसल्यावर त्याला करमेना, तेव्हा त्याने एक जुनी व्हॅन घेतली आणि वर्षभर ठोकाठोक करून तिचं घर केलं. मागे पलंग, मधे ओटा, ओट्यावर शेगडी आणि हात धुवायला बशीएवढं बेसिन. एकाने वाकायचं ठरवलं तर दुसऱ्याने खाली उतरायचं, अशी एकूण ऐसपैस सोय.

पहिला प्रवास ठरला लेकीकडे, खाडीपलीकडच्या बेटावर. जावई जहाजावर नोकरीला, तीन महिने परतायचा नव्हता. बाळ सहा आठवड्यांचं. बेटावर राहायला जाऊन लेकीला जेमतेम चार महिने झालेले, ओळखीचं कोणी नाही. फोनवर ती म्हणाली होती, "आई, मी गरम जेवले त्याला महिना झाला. ताट वाढून घेतलं की हा सूर लावतो." म्हणाली हसतच, पण शेवटी ते हसू जरा घसरलं आणि ते आईच्या कानांनी बरोबर टिपलं. तिच्या घरी जाऊन रांधलं असतं तर ती मदतीला उठली असती. म्हणून मावशींनी ठरवलं, की शिजवलेलं अन्नच घेऊन दारात उभं राहायचं. साधा भात आणि बीट-टोमॅटोचं सूप. बाळंतिणीच्या अंगात रक्त भरायला बीटासारखं दुसरं काही नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

भात घरूनच डब्यात भरून आणला. सूप मात्र ताजं हवं. फेरीबोटीच्या धक्क्यावर गाड्यांची लांबलचक रांग होती आणि दोन तास तरी नंबर लागत नाही, असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. नवऱ्याने पेपर उघडला. मावशींनी शेगडी पेटवली.

हात अजून चारशे पोरांच्या मापाचा. पातेलं काठोकाठ भरलं. तासाभरात सूप असं काही रटरटायला लागलं, की शेजारच्या गाडीतल्यांनी काचा खाली केल्या. आणि नेमकी तेव्हाच बोट लवकर आली. रांग हलली.

मावशींनी दोन मिनिटं मागितली. नवरा म्हणाला, मागचे देणार नाहीत. बस कधी मिनिटभर उशिरा न सोडलेला माणूस तो. पुढच्या गाडीमागे फट पडलेली त्याला बघवेना. त्याने गाडी सुरू केली. मावशींनी झटकन गॅस बंद केला. पण पातेलं ठेवायचं कुठे? बेसिनमध्ये मावेना, पलंगावर ठेवायचा धीर होईना. शेवटी त्यांनी टॉवेल गुंडाळून पातेलं पोटाशी धरलं, एक पाय पलंगाला लावला आणि देवाचं नाव घेतलं.

बोटीचा उतार लागला. गाडीने नाक वर केलं तसं सूप मावशींच्या अंगावर आलं, चटका तेवढा टॉवेलने झेलला. गाडीने नाक खाली घातलं तसं ते दाराकडे गेलं. तोल सावरायला त्यांनी मागच्या काचेवर हात टेकला आणि काचेवर लालभडक पंजा उमटला. सरकत्या दाराच्या फटीतून लाल धार बोटीच्या लोखंडावर ठिबकायला लागली.

मागच्या गाडीत एक घड्याळजी होता. जन्मभर भिंगातून बारीकसारीक बघणारा माणूस. त्याने आधी धार पाहिली, मग पंजा पाहिला आणि हॉर्नवर हातच दाबून ठेवला. नवऱ्याला वाटलं, काय लोकांना घाई असते. त्याने खिडकीतून हात दाखवून माफी मागितली आणि गाडी पुढे घेतली. मग मात्र घड्याळजी उतरून धावत बोटीवरच्या मुकादमाकडे गेला. शिट्टी वाजली, सगळं थांबलं. ड्यूटी संपवून बेटावर परतणारी एक नर्स पिशवी घेऊन धावली.

मुकादमाने नवऱ्याला हळूच विचारलं, की मागे कोण आहे.

"बायको," नवरा म्हणाला. "पण तिला आत्ता काही विचारू नका. मी थांबलो नाही म्हणून भडकलीय."

मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने दार सरकवलं. आत कोपरापर्यंत लाल झालेल्या मावशी, पोटाशी पातेलं, ओट्यावर सुरी.

"कुठे लागलंय?" नर्सने विचारलं.

"मनाला," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं.

मग सगळी हकीगत बाहेर पडली. लेकीचं घर कुठलं, ते नर्सने विचारून घेतलं. दोन गल्ल्या सोडून तीच राहत होती. "बाळाचे कपडे वाळत घातलेले दिसतात रोज," ती म्हणाली. "मीही कधी बेल वाजवली नाही."

बोट पुसायला चार जण लागले. त्यांना नुसतं धन्यवाद म्हणणं मावशींना जमेना. लेकीसाठी मोठा वाडगा बाजूला काढून उरलेलं सूप त्यांनी कपाकपाने वाटलं. घड्याळजी घोट घेऊन क्षणभर थांबला आणि म्हणाला, असं सूप मी जन्मात प्यायलो नाही. मावशींना जरा बरं वाटलं. मुकादमाने दुसरा कप नको म्हटलं, कामाची वेळ होती. नवऱ्याने मात्र दोन कप घेतले.

लेकीने दार उघडलं तेव्हा पुढे लाल आई, मागे वाडगा धरलेले बाबा, त्यांच्या मागे नर्स आणि बेटावरच राहणारा तो घड्याळजी, अशी वरातच उभी होती. ती आधी घाबरली आणि मग इतकी हसली, की खांद्यावरचं बाळ रडायचं विसरलं. नर्सने त्याला सराईतपणे उचलून घेतलं आणि चार फेऱ्यांत झोपवलं. मंगळवारी आणि गुरुवारी ड्यूटीवरून येताना डोकावीन, असं तिने परस्पर ठरवूनही टाकलं. घड्याळजीला भिंतीवरचं बंद घड्याळ दिसलं, तो न सांगताच स्टूल ओढून कामाला लागला. शनिवारी बायकोला पाठवतो, म्हणाला, तिला लहान मुलांचं फार वेड.

सूप पुन्हा गरम झालं. लेक जेवायला बसली, दोन्ही हात मोकळे ठेवून. पहिला घास तिने डोळे मिटून खाल्ला. मग सूप प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली.

"आई," ती म्हणाली, "मीठ?"

मावशींनी चमचाभर चाखलं. मिठाचा कणसुद्धा नव्हता. त्यांनी नर्सकडे पाहिलं. बाळाकडे बघत ती म्हणाली, बाळंतिणीचं म्हणून मुद्दाम अळणी केलं असेल, असं तिला वाटलं होतं. घड्याळजीने घड्याळात पार डोकंच घातलं.

मावशी नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही तर दोन कप प्यायलात. बोलला का नाहीत?"

"तू भडकलेली होतीस," नवरा म्हणाला. "मी तिसराही प्यायलो असतो."