पराग्वेचा गोलकीपर

सावळीराम पगारे गेले तेव्हा त्यांच्या अल्बममध्ये एकच जागा रिकामी राहिली होती. रविवारच्या पुण्यानुमोदनाआधी ती भरायची, असं तेजलनं मनाशी ठरवलं. मग ते तिनं आईला सांगितलं. तिथं चुकलं.

"माणूस गेला," लताबाई म्हणाल्या, "आणि तू गोलकीपर शोधतेस?"

"एकच राहिलाय, आई."

"राहू दे की. सगळ्यांचंच काही ना काही राहतं."

कॉलेजच्या ग्रंथालयात काम करून तेजलनं पुष्कळ पुस्तकं वाचली होती, पण लताबाईंच्या वाक्यांना उत्तर त्यांतल्या कशातच नव्हतं. वडील गेल्यापासून ती रडलीही नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिच्याकडे बघून घ्यायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन आपसांत हळू बोलायच्या.

सावळीरामांनी जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता. सगळी नोकरी पोस्टात, पत्रं खणांत टाकण्यात गेली. निवृत्तीनंतर पंचवटीत भाजी आणायला गेले असताना चंदरच्या स्टेशनरीच्या दुकानात त्यांना वर्ल्डकपचा अल्बम दिसला. एक पान एक देश, पानावर चौकोन, चौकोनात एक माणूस. त्यांनी तो उभ्या-उभ्या शेवटपर्यंत चाळला. "बघ, इथं प्रत्येकाला आपापली जागा आहे," असं घरी येऊन म्हणाले. मेथी मात्र विसरून आले होते.

पेन्शनीत असले शौक बसत नाहीत, म्हणून त्यांनी बाहेरचा चहा सोडला आणि त्या पैशांत आठवड्याला स्टिकरचं एकच पाकीट घ्यायचं, असा नियम केला. पाकिटात काय निघेल ते नशीब. डबल निघालेले स्टिकर ते रविवारी विहाराच्या पायऱ्यांवर बसून कॉलनीतल्या पोरांशी बदलायचे. वंदना संपली की एक टक्कल आणि त्याभोवती सात-आठ शाळकरी डोकी, असा बाजार भरायचा. स्टिकर मळू नयेत म्हणून त्यांनी महेशच्या फोटो स्टुडिओतून पासपोर्ट फोटोंची छोटी पांढरी पाकिटं फुकट मागून आणली होती, आणि ती पोरांनाही वाटली होती. कॉलनीतले सगळे फुटबॉलपटू महेश फोटो स्टुडिओच्या पाकिटांत राहत.

तेजलनं बापाचा नियम पहिल्याच दिवशी मोडला. ग्रंथालयातून परस्पर पंचवटीत गेली आणि चंदरला म्हणाली, "दहा द्या."

"दहा?" चंदर दचकला. "ताई, तुमचे वडील एक पाकीट घ्यायला अर्धा तास लावायचे. कानाशी नेऊन हलवून बघायचे."

"ऐकू यायचं काही?"

"नाही. पण मनाचं समाधान."

तिनं रिक्षातच पाकिटं फोडली. पराग्वेचा गोलकीपर कशातच नव्हता. कोस्टारिकाचा एक बचावपटू मात्र चार वेळा निघाला, आणि चारही वेळा तो तिच्याकडे बघून तसाच हसत होता. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी पाकिटं आणली. तो आणखी तीनदा हसला. पगार व्हायला अवकाश होता, आणि रविवारच्या जेवणाचे पैसे आचाऱ्याला द्यायचे होते. तेव्हा बापाचंच बरोबर होतं हे तिला कळलं. विकत घेऊन अल्बम भरत नसतो, बदलून भरतो.

विहाराच्या पायऱ्यांवर चैताली बसली होती. पाचवीतली, दोन वेण्या, आणि चेहऱ्यावर भाजीबाजारातल्या दलालाचा थंडपणा.

"पराग्वेचा गोलकीपर आहे तुझ्याकडे?"

"आहे. तुमच्याकडे काय आहे?"

तेजलनं गठ्ठा पुढे केला. चैतालीनं तो पत्ते पिसावेत तसा पाहिला. "हा कोस्टारिकावाला तर कुणी फुकट घेत नाही. याला आम्ही पोहे म्हणतो."

"पोहे का?"

"घरोघरी असतो म्हणून."

गठ्ठा परत आला. तेजल उठायला लागली, तेव्हा पोरगी पायरीकडे बघत म्हणाली, "आजोबा म्हणाले होते, रविवारी येतो, तेव्हा सौदा करू."

"अगं, आजोबा..."

"माहितीये मला. पण म्हणाले होते ना."

तेजल पुन्हा पायरीवर बसली. मग चैतालीनं भाव सांगितला. "आजोबांची सावलीतली जागा मला पाहिजे. तो मोठा सोन्या रोज म्हणतो, आता ती माझी."

विहाराची पायरी आपल्या बापाच्या नावावर नव्हती, हे तेजलला ठाऊक होतं. पण तिनं गंभीरपणे सांगितलं, "दिली. सोन्याला माझं नाव सांग." चैतालीनं दप्तरातून पांढरं पाकीट काढून दिलं. आत पराग्वेचा गोलकीपर होता. टक्कल, दाट मिशी, वयानं थकलेला. संघात त्याला कुणीतरी दयेनं ठेवला असावा.

घरी तेजलचा चुलतभाऊ बुद्धभूषण दारातच वाट बघत होता. मांडव, आचारी, भन्तेजींची गाडी, सगळं त्यानं अंगावर घेतलं होतं, आणि ते अंगावर घेतल्याचं तो दर तासाला सांगत होता.

"ताई, फोटो दे लवकर. महेशला आज नाही दिला तर रविवारी फ्रेम मिळणार नाही."

सावळीरामांचा धड फोटो एकच होता. मोबाइल समोर धरला की ते मान खाली घालत, त्यामुळे घरातल्या प्रत्येक फोटोत त्यांचं नुसतं टक्कल होतं. हयातीच्या दाखल्यासाठी काढलेल्या पासपोर्ट फोटोंतला शेवटचा उरला होता. तो तेजलनं पांढऱ्या पाकिटात घालून टीव्हीशेजारी ठेवला होता. तिनं हातातलं पाकीट तिथं ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेली.

"हे का पाकीट?" बुद्धभूषणनं विचारलं.

"टीव्हीजवळचं," ती आतून म्हणाली.

टीव्हीजवळ आता दोन होती. बुद्धभूषणनं वरचं उचललं आणि गाडीला किक मारली.

शनिवारी त्याचा फोन आला. "ताई, महेश विचारतोय, टी-शर्ट दिसतोय, कोट चढवू का?"

फोटोत चौकड्यांचा शर्ट होता. पण स्टुडिओवाल्यांना सगळं सारखंच, असं समजून ती म्हणाली, "चढवा."

"मागं काहीतरी रंगीबेरंगी आहे. निळं करू म्हणतो."

"करा."

त्या दिवशी तिला हजार कामं होती. संध्याकाळी स्टिकर चिकटवायची आठवण झाली तेव्हा अल्बम बुद्धमूर्तीसमोरच्या टेबलावर, पांढऱ्या चादरीवर मांडलेला होता. लताबाई म्हणाल्या, "ते पाकिटातलं मी लावून टाकलं. तू दमलेली होतीस." तेजलला भरून आलं. गोलकीपरवर इतकं चिडलेल्या आईनं स्वतःच्या हातानं तो लावावा! तिनं अल्बम उघडूनही पाहिला नाही. उद्या बघू म्हणाली.

रविवारी फ्रेम आली ती कागदात गुंडाळलेली, आणि थेट टेबलावर गेली. माणसं जमली. भन्तेजी आसनावर बसले. बुद्धभूषणनं कागद काढला आणि दोन पावलं मागं सरकला.

सोनेरी चौकटीत, निळ्या पार्श्वभूमीवर, कोट-टाय घालून पराग्वेचा गोलकीपर बसला होता. खाली ठळक अक्षरांत, 'कालकथित सावळीराम पगारे'.

तेजलनं बुद्धभूषणकडे पाहिलं. त्यानं मांडवाच्या खांबाकडे पाहिलं. तोवर त्रिशरण सुरू झालं होतं, आणि त्रिशरणाच्या मध्ये उठून हा आमचा माणूस नव्हे असं सांगायची सोय कुठल्याच धम्मात नाही.

माणसं रांगेनं फुलं वाहू लागली. मेलेल्या माणसाला स्टुडिओवाले असा काही कोट चढवतात की तो ओळखू येत नाही, याची सगळ्यांना सवय होती. तेव्हा कुणीच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

"फोटो झकास आला," पोस्टातले एक मित्र म्हणाले. "नोकरीला लागले तेव्हा अस्सेच होते."

"मिशी होती का हो त्यांना?"

"मधे ठेवली होती वाटतं."

गावाकडून आलेली तानुबाई आत्या फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली. तिला कमी दिसायचं, पण भाऊ तिचा होता.

"लय वाळला होता गं माझा भाऊ," आत्या डोळे पुसत म्हणाली. "फोटोत बरा भरलाय."

शेवटी चैताली आली. फूल वाहिलं, वर पाहिलं, आणि तिच्या वेण्या ताठ झाल्या. तेजलनं ओठांवर बोट ठेवलं. चैतालीनं मान डोलावली, आणि जाता-जाता कुजबुजली, "पण मग आजोबा कुठे गेले?"

हा प्रश्न गेले काही दिवस तेजलला कुणीच विचारला नव्हता. तिनं हात लांबवून अल्बम उघडला. पराग्वेचं पान. उंच, तरणेबांड, छाती काढलेले खेळाडू, आणि गोलकीपरच्या चौकोनात, चौकड्यांचा शर्ट घातलेले सावळीराम. हयातीच्या दाखल्यात असतात तसे, जिवंत असल्याचा पुरावा द्यायला बसलेले. कडेला भाताची दोन शितं वाळली होती.

"पाकिटात यांचाच फोटो होता," लताबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "मी म्हटलं, पोरीनं बरोबर केलं. दुसऱ्या कुणाला कशाला ती जागा?"

तेजलनं ओढणी तोंडावर दाबली. तिला हसू फुटलं होतं. खांदे हलायला लागले, ओढणीतून चमत्कारिक आवाज यायला लागला. बायका एकदम तिच्याभोवती झाल्या.

"रडू द्या तिला," तानुबाई आत्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "कधीची साठवून बसलीया."

आपण रडत नाही हे सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि मग ते खरं राहिलं नाही.

सोमवारी तेजल फ्रेम आणि अल्बम घेऊन स्टुडिओत गेली. महेशनं कपाळावर हात मारला. "मागून चिकट होता, ताई. मला वाटलं, हल्ली लोक फोटोचेपण स्टिकर करतात." नवीन फ्रेम तो फुकट करून देणार होता, पण लताबाईंनी शितांनी चिकटवलेलं काही निघत नसतं. शेवटी त्यानं अल्बमचं पानच कॅमेऱ्याखाली धरलं.

"कडेला झेंड्याचा तुकडा येतोय. साफ करतो. आणि कोट?"

"कोट नको," तेजल म्हणाली. "झेंडा राहू द्या."

तो फोटो आता लताबाईंच्या भिंतीवर आहे. आल्या-गेल्यानं खांद्याजवळच्या त्या लाल-पांढऱ्या पट्ट्याबद्दल विचारलंच, तर त्या शांतपणे सांगतात, "ते पराग्वेकडून होते."