शालनबाई दुधाणे यांनी लेकीच्या राज्यशास्त्राचा जमाखर्च मांडिला त्याची हकिकत

श्रीवाग्देवीस नमन आणि अन्नपूर्णेस दंडवत करून लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी, एके राज्यी, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, एस.टी. स्टँडासमोर शालनबाई दुधाणे यांची खानावळ नांदत होती. बाई गल्ल्यावर बसून कारभार पाहात, यजमान तुळशीराम चुलीवरील मुलूख सांभाळीत, आणि दोघांनी आठ वर्षांत दोन लक्ष सत्तर हजार रुपये शिल्लक टाकिले होते, शेजारचा गाळा घेऊन खानावळ वाढवावी म्हणून. तों कन्या केतकी बारावीस उत्तम गुणांनी पास जाहाली आणि मातोश्रींसमोर उभी राहून म्हणाली, "मला शहरातल्या कॉलेजात राज्यशास्त्र घ्यायचंय."

हे वर्तमान दीर वसंतराव यांस कळताच ते तातडीने दाखल जाहाले आणि बोलते झाले, "वहिनी, फार्मसीला घाला. औषधाचं दुकान तरी टाकील. राज्यशास्त्राचं दुकान कुठं असतं?" यजमानांस विचारिले तर ते पोळी उलटीत म्हणाले, "मला कामात असताना विचारू नका, मी हो म्हणेन." मग बाईंनी स्वतः कागद घेतला. फी सालाची पंधरा हजार, वसतिगृह आणि जेवण महिन्यास सात हजार, महिने दहा, वर्षे तीन. एकूण दोन लक्ष पंचावन्न हजार भरले. खर्चाची बाजू कळली, पण आवक काय येईल हे कोण सांगणार, तर खानावळीत जेवणारे दोन गृहस्थ हाच विषय शिकलेले होते, त्यांस ताट वाढून बाईंनी विचारपूस आरंभिली.

पहिले घोडके सर, कॉलेजात तासावर शिकवीत. ते म्हणाले, "महिन्याला पंधरा-सोळा हजार मिळतात. तेही कॉलेज चालू असेल तर. उन्हाळ्यात काही नाही."

"मग पस्तावता का?"

"पगाराच्या दिवशी पस्तावतो, बाई. वर्गात उभा राहिलो की विसरतो."

दुसरे नलावडे अण्णा, तहसील कचेरीत कारकून, पगार चाळीसाच्या वर. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "माझी नोकरी परीक्षेनं लागली. पदवी कुठलीही चालली असती. मात्र अर्जदार कायदा सांगायला लागला, की ऑफिसात सगळे माझ्याकडे बघतात."

बाई हिशेबास बसल्या आणि हिशेब काही जुळेना. मग लेकीस जवळ बसवून म्हणाल्या, "गाळा सोडला तर पुन्हा मिळायचा नाही. तुला यातून काय मिळणार ते खरं सांग."

केतकी म्हणाली, "पैसे लगेच नाही मिळणार, आई. पण हा समोरचा रस्ता दोन वर्षांत तीनदा खणला. तो कुणाच्या सहीनं खणतात, ती सही कोण अडवू शकतं, हे मला शिकायचंय."

बाईंनी गल्ल्याची जुनी वही उघडून पाहिली, त्या खणण्यापायी तीन वेळा गिऱ्हाईक तुटले होते. मग म्हणाल्या, "ते मलाही कळायला पाहिजे." आणि आषाढात कन्या शहरास रवाना जाहाली, गाळा मोबाईलवाल्याने घेतला, आणि बाईंनी कोणास न विचारता मुक्त विद्यापीठात त्याच विषयास नाव घातले. स्वतः बारावी झालेल्या होत्या, लग्नाआधी. फी तीन वर्षांची मिळून नऊ हजार.

मग दुपारची पंगत उठली की बाई पुस्तक उघडीत, आणि अडले की लेकीस फोन करीत, "दोन सभागृहं कशाला लागतात गं, एक पुरत नाही?" पहिल्या परीक्षेस घाईत उत्तरपत्रिकेवर स्वतःचे नाव चुकले आणि खोडून लिहावे लागले. यजमान केंद्राबाहेर डबा घेऊन उभे होते. बाहेर येताच त्यांनी विचारिले, "कसा गेला?" बाई म्हणाल्या, "तीन प्रश्न आले, दोन मला आवडले."

शके एकोणीसशे सत्तेचाळीसी मायलेकी दोघी पास जाहाल्या, लेक पहिल्या वर्गात, आई दुसऱ्या. ग्रामपंचायतीच्या नव्या सदस्यांस कारभार शिकविणाऱ्या एका संस्थेत केतकीस एकोणीस हजारांवर नोकरी लागली, त्यातून ती पाच हजार घरी पाठवू लागली. वसंतराव म्हणाले, "फार्मसीत यापेक्षा जास्त असतं." बाईंनी त्यांस ताक वाढिले.

पुढे नगरपरिषदेच्या निवडणुका आल्या आणि खानावळीत रणकंदन माजले. एक ताट संपवून गिऱ्हाईक तासभर भांडे, नगराध्यक्षास कोण काढू शकतो, वॉर्ड कोण पाडतो, आणि दारात माणसे तिष्ठत उभी. तेव्हा बाई गल्ल्यावरून उठत, दोन वाक्यांत कायदा सांगत आणि म्हणत, "पटलं नाही तर पुस्तक दाखवते. भात घेणार का हात धुणार?" लोक निमूट हात धूत. ऐसे होता होता दिवसास चाळीस ताटे जास्ती उठू लागली.

एकूण मतलब ऐसा. लेकीची पदवी दोन लक्ष पंचावन्न हजारांची, वसुलीस चार वर्षे तीन महिने धरिले आहेत. आईची नऊ हजारांची, ती पहिल्या महिन्यातच फिटली. तस्मात् कोणाची पदवी फायद्याची, यावर मायलेकींचा फोनवर रोज वाद चालतो, आणि दोघीही शिकलेल्या असल्याकारणे कोणीच हरत नाही. जे घडले ते लिहिले.