काटेरी आळीचा गुप्त आकडा

एका जंगलात, म्हणजे जंगल कसलं, शहरच झालं होतं त्याचं, एक काटेरी आळी होती. हसू नका रे, मागच्या बाकावरचे! पुढे रडायला लागेल.

आळीत ससे, मुंगसं आणि साळिंदरं राहायची. पाणी मात्र नव्हतं. साळूबाई नावाची एक साळिंदरीण रोज दोन टेकड्या ओलांडून नदीवरून पाणी आणायची. त्यातलं अर्धं शेजारच्या मुंगूसआजोबांना द्यायची. आजोबांना टेकडी चढवत नव्हती.

एकदा दवंडी पिटली गेली. ज्या आळीत दोनशेच्या वर प्राणी, तिला पाणवठा मिळणार. शिरगणतीचा दाखला आणावा.

साळूबाई हरखली. तडक शिरगणती कचेरीत गेली. तिथे घोरपडबाई खुर्चीला चिकटून बसल्या होत्या. मागे फळ्यावर अख्ख्या जंगलाचा आकडा झळकत होता.

"बाई, आमच्या आळीचा आकडा द्या."

"आळीनिहाय आकडा गुप्त असतो."

"अगं बाई! आमचाच आकडा आमच्यापासून गुप्त?"

"मग काय चव्हाट्यावर मांडू? अर्ज भरा."

अर्जात एकच रकाना होता. 'आळीत किती प्राणी आहेत ते बिनचूक लिहावे. चुकल्यास अर्ज बाद.'

"अहो, तेच तर विचारायला आलेय मी!"

"त्याशिवाय तुम्ही त्याच आळीच्या, हे आम्हाला कळणार कसं?" घोरपडबाई म्हणाल्या.

साळूबाईने बिळाबिळात जाऊन डोकी मोजली. दोनशे एकतीस भरली. अर्ज बाद झाला. शिरगणती होऊन पाच वर्षं झाली होती आणि मधल्या काळात ससे काही स्वस्थ बसले नव्हते.

आता आली का पंचाईत! ती पुन्हा दारोदार फिरली. "शिरगणतीवाले गेरूने दारावर नंबर टाकून गेले, त्या दिवशी तुमच्याकडे कोण कोण होतं?" नंतर जन्मलेले वजा केले, नंतर गेलेले मिळवले. मुंगूसआजी तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या.

"हिला धरायचं ना?" आजोबांनी विचारलं.

"धरायचं, आजोबा."

"बरं झालं," आजोबा म्हणाले. "कुठेतरी आहे म्हणायची."

दोनशे सात. आकडा जुळला! पण दाखल्यावर सही व्हायला उन्हाळा उजाडला. साळूबाई रोज कचेरीच्या दारात. मग आजोबांचं पाणी कोण आणणार? आणि त्या उन्हात रोज दोन टेकड्या बाकीच्यांनाही झेपेनात. आळीतला एकेक जण बिऱ्हाड उचलून नदीकडे निघाला. आजोबांनाही सशांनी पाठीवर घेतलं.

"साळूबाई, तुम्ही दाखला आणा," जाताना आजोबा म्हणाले. "आम्ही पाण्याकडे जाऊन येतो."

वाटेतच त्यांनी प्राण सोडला.

चौथ्या दिवशी दाखला मिळाला. साळूबाई तो तोंडात धरून धावत आली. "अहो, मिळाला! दोनशे सात!" प्रत्येक बिळात डोकावली. कोणी ओ दिली नाही.

दुसऱ्याच दिवशी पाणवठा खात्याचे गेंडेसाहेब आले. साळूबाई रडत म्हणाली, "साहेब, आता इथे मी एकटीच आहे हो."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग दाखला पाहिला. "छे! इथे चक्क दोनशे सात लिहिलंय. तुम्ही मोजायला चुकलात."

आठवड्यात पाणवठा झाला. काठोकाठ भरला. घोरपडबाई खास नारळ फोडायला आल्या.

"बघा! म्हणत होते ना, आकडा बिनचूक लागतो?"

साळूबाईने एक घोट घेतला. मग तिने ओंजळभर पाणी आजोबांच्या दाराशी, गेरूच्या नंबराखाली, नेऊन ठेवलं.

तात्पर्य: मुलांनो, तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, ते साफ खोटं. विहीर केव्हाही खणावी. प्यायला कोण उरलं ते मात्र विचारू नये. ती माहिती गुप्त आहे.