अभ्यासपूर्वक गळती

नवी मुंबईत जुनी इमारतच नाही, ही गोष्ट वास्तुरचनाकार जयप्रकाश सामंत यांच्या लक्षात आली तेव्हा पाटी रंगवून झाली होती. पाटीवर नावाखाली सुबक अक्षरांत लिहिले होते : ‘आधुनिक वास्तुरचना व जुन्या वास्तूंचे जतन’. आधुनिक रचना म्हणजे कुणाची बाल्कनी हॉलमध्ये घेणे. तेवढे काम अधूनमधून मिळे. जतनाला मात्र गिऱ्हाईक नव्हते. साल शहाण्णव. शहराचे अजून बारसेच चालू होते.

एकदा ते शिरवणे गावात गोटीराम नावाच्या आगरी गृहस्थाचे जुने कौलारू घर पाहायला गेले. ओटीवर बसून त्यांनी जतनाचे महत्त्व खूप वेळ सांगितले. गोटीरामने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“मना स्लॅबचा घर बांधाचा हाय,” तो म्हणाला. “तुला यो एवरा आवडतं, तं तूच ये ऱ्हाला.”

पत्नी स्मिता बँकेत होती, म्हणून घर चालत होते. एके दिवशी तिने मुदत घातली. “दिवाळीपर्यंत जतनाचं एक तरी काम आण. नाहीतर पाटी उतरव आणि नोकरी धर.”

काम आपल्या पायांनी घरी आले. सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर ढवळे रविवारी दारात उभे राहिले.

“सामंतसाहेब, गच्ची गळतेय. तुमी आर्किटेक्ट. जरा बघून सांगा ना, डांबर मारू का आणखी काय करू?”

इमारत बारा वर्षांची, पण दिसायला शंभरीची. सामंत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत, त्यामुळे गळती त्यांच्याच पलंगावर होती. कुणीही शहाणा माणूस ‘मारा डांबर’ म्हणाला असता. पण जयप्रकाशरावांच्या डोक्यात दिवाळी होती. त्यांनी अहवाल दिला : ‘सदर इमारत ही नवनगराच्या आद्यकाळातील दुर्मीळ नमुना असून तिच्यावरील ओल, तडे व पोपडे हे त्या कालखंडाचे मूळ पुरावे होत. त्यांस हात लावू नये.’

अहवाल सर्वसाधारण सभेत वाचला गेला.

“म्हणजे काहीच करायचं नाय?” कमळाकररावांनी विचारले.

“अभ्यासपूर्वक काहीच करायचं नाही.”

“आणि वर्गणी?”

“लागणार नाही.”

ठराव एकमताने मंजूर झाला. पाटी वाचली. जयप्रकाशराव त्या रात्री ओल्या पलंगावर सुखाने झोपले.

पुढे गळतीचे दोन वर्ग करण्यात आले, मूळ व उत्तरकालीन. पडलेल्या प्लास्टरच्या तुकड्यांना क्रमांक देऊन ते जिन्यात मांडण्यात आले. गुरूपेक्षा चेला सवाई, या न्यायाने कमळाकरराव घरोघरी तपासणीला निघाले. दुसऱ्या मजल्यावरच्या गोजराबाईंनी भिंतीला चुना लावला होता. त्यांना ‘पूर्ववत ओल आणण्याची’ नोटीस मिळाली. त्या बिचाऱ्या रोज सकाळी भिंतीवर तांब्याने पाणी मारू लागल्या.

मग स्मिताने पलंगावरचे छत दुरुस्त करण्यासाठी रीतसर अर्ज केला.

“वहिनी, माझी काय आडकाठी नाय,” कमळाकरराव म्हणाले. “पण साहेबांनीच लिवलंय, हात लावू नये.”

आपलेच दात, आपलेच ओठ. स्मिता भांडली नाही. तिने गादी उचलून स्वयंपाकघरात नेली. “काम आणलंस हो,” एवढेच म्हणाली. जयप्रकाशरावांना स्वतःची लाज वाटली, पण बाहेर असाच बिनवर्गणीचा अहवाल हवा असलेले इतर सोसायट्यांचे सेक्रेटरी रांगेत बसले होते, आणि लाज ही निवांतपणी वाटून घ्यायची गोष्ट असते.

त्या रांगेत रणजीत होता. हा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून नुकताच बिल्डर झालेला.

“सायेब, नवीन बिल्डिंग काढतोय. पझेशन दिलं की पब्लिक गळती-गळती करून डोकं खातं. तुमी पयल्यापासनंच जतन करून द्या ना. टेन्शनच नको.”

जयप्रकाशराव गहिवरले. आधुनिक रचना आणि जतन, पाटीवरची दोन्ही अंगे एकाच कामात. नकाशात त्यांनी हॉल काढला, बेडरूम काढली आणि ठिपक्याठिपक्यांनी नियोजित ओलही दाखवली.

बुकिंगच्या दिवशी मात्र त्यांच्याने राहवेना. एक नवरा-बायको फ्लॅटचा नकाशा पाहत होते, त्यांना त्यांनी बाजूला घेतले.

“घेऊ नका. ही बिल्डिंग पहिल्या दिवसापासून गळणार. मीच तशी काढलीय. माझी बायको स्वयंपाकघरात झोपते हो.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

“आमच्या आधी आले त्यांनी काय केलं?” नवऱ्याने विचारले.

“त्यांनी घेतला.”

“मग आम्हाला त्यांच्याच मजल्यावर द्या,” बायको म्हणाली.

ते जोडपे कोण, हे आम्ही सांगणार नाही. वाचता वाचता तुम्ही मान वर करून छताकडे पाहिलेत, तेवढ्यावरून ओळख पटली.