शासनमान्य ठसका

शासनाने काय जाळावं हा शासनाचा प्रश्न आहे, पण ते माझ्याच गच्चीवर का, एवढंच मला विचारायचंय!

त्याचं असं झालं. आमच्या कार्यालयात (नाशिकमधलंच; कुठलं ते सांगणार नाही, पेन्शनला चार वर्षं उरलीत) बायोमास प्रोत्साहन धोरणाची बैठक होती. शेतातल्या काडीकचऱ्याच्या कांड्या करायच्या आणि गॅसऐवजी त्यांच्यावर स्वयंपाक करायचा. "आधी कर्मचाऱ्यांनी घरी वापरून आदर्श घालून द्यावा. कोण तयार आहे?" साहेबांनी विचारलं. नेमका मी त्याच वेळी पंखा वाढवायला सांगावं म्हणून हात वर केला. टाळ्या झाल्या. पंखा तसाच राहिला.

घरी सुधारित चूल आली, पोतंभर कांड्या आल्या आणि सोबत एक फॉर्म: 'ज्योत कशी होती? (१) उत्तम (२) अतिउत्तम.' तिसरा पर्यायच नाही! याला काय विचारणं म्हणतात?

तरी माझ्यातला आदर्श कर्मचारी जागा झाला होता. राखीचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा, त्या दिवशी कुरडयांचा घाट होता. दहा किलो गहू तीन दिवस भिजवून, वाटून चीक काढून ठेवलेला. तो त्याच दिवशी शिजला नाही तर आंबून जाणार. मी म्हटलं, "गॅस कशाला? गच्चीत चूल मांडतो."

"चीक घोटताना हात थांबला की गुठळ्या होतात, ठाऊक आहे ना?"

"अगं, शासनाची चूल आहे ती!"

"म्हणूनच विचारतेय."

चूल पेटली. ज्योत खरोखरच अतिउत्तम होती. राखी घोटत होती, शेजारच्या लताबाई सोऱ्या घेऊन बसल्या होत्या, मी अहवालासाठी फोटो काढत होतो. पाच मिनिटांत लताबाईंना शिंका सुरू झाल्या. मग राखीला ठसका. मग खालच्या मजल्यावरचे बुद्धभूषण सर नाकाला रुमाल लावून वर आले.

"अहो, काय जाळताय?"

"हरित इंधन!" मी खोकत म्हणालो.

"हरित कसलं, लाल वाटतंय!"

डोळ्यांतून घळाघळा पाणी. तशात मी कांड्या पाठवणाऱ्या नामपूरच्या पुंजारामला फोन लावला. "अरे, त्या कांड्यांत घातलंयस काय?"

"साहेब, परिपत्रकमा तुम्हीच लिखेल शे ना, 'हंगामी स्थानिक कचरा वापरावा' म्हनीसन? आते आमनाकडे मसालाना हंगाम शे. मिरचीना देठ!"

ते वाक्य माझंच होतं. तीनदा खाडाखोड करून लिहिलेलं. पण म्हणून माणसाने अक्षरशः अंमलात आणावं? परिपत्रकं वाचून कुणी तसं वागतं, हे मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलंच नव्हतं!

तोवर राखीचा हात थांबला होता. पातेल्यात चिकाचे गोळेच गोळे. "तीन दिवस पाणी बदललं हो मी रोज," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं सगळंच पाणी धुराचं नव्हतं आणि मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात ती कडाडली, "ही खळ ऑफिसात न्या आणि बायोमासची पोस्टरं चिकटवा!"

गोंधळ ऐकून माझी आई, सिंधुबाई, जिना चढून आली. वास घेतला आणि म्हणाली, "एवढी दृष्ट कुणाची काढताय रे?"

"कुणाची नाही गं, आई."

"मग मिरच्या फुकट का जाळताय? उभा राहा, तुझीच काढते." तिने मूठभर कांड्या माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या.

"ठसका लागला म्हणजे दृष्ट नाही लागलेली," आई पदराने डोळे पुसत समाधानाने म्हणाली. मग तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि लागायला याच्यात आहे काय म्हणा!"