जावक क्रमांक चारशे सतरा

शुक्रवारी सकाळी गुणाजी परबांना एक लग्नपत्रिका आली आणि ती काही केल्या उघडेना.

पत्रिका ईमेलवर आली होती. "आमच्या घरच्या लग्नाला सहकुटुंब यावे. सात डिसेंबर. पत्रिका सोबत जोडली आहे." खाली नाव नाही, गाव नाही. गुणाजींनी पत्रिकेवर क्लिक केलं. ही फाइल धोक्याची असू शकते, तरीही उघडायची का, असं कॉम्प्युटरने इंग्रजीत विचारलं.

"लग्नाची पत्रिका धोक्याची?" गुणाजी त्याच्यावर खेकसले. "अक्कल आसा काय तुका?"

त्यांनी 'हो' दाबलं. एक काळी चौकट चमकली आणि गेली. त्यांनी पुन्हा दाबलं. असं अकरा वेळा झालं. दुसऱ्या कुणी तिसऱ्या वेळेला नाद सोडला असता, पण गुणाजी ग्रामस्थ मंडळाचे चिटणीस होते.

हे मंडळ म्हणजे परळच्या एका चाळीतली तळमजल्यावरची खोली. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातल्या गावचे पंचवीस-तीस गडी तिथे पाळीपाळीने झोपत. आता तिथे देवीचा फोटो, एक टेबल आणि मेघनाने, म्हणजे गुणाजींच्या मुलीने, लावून दिलेला कॉम्प्युटर आहे. आलेलं प्रत्येक पत्र आवक रजिस्टरात चढवायचं, उघडायचं आणि मोठ्याने वाचायचं, अशी खोलीची रीत. तेव्हा निम्म्या गड्यांना वाचता येत नसे, म्हणून ती पडली होती. आता सगळ्यांना येतं, पण गुणाजींचा त्यावर विश्वास नाही. पत्र न उघडता ठेवणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला हाकलणं, असं त्यांचं मत होतं.

दुपारी बारा वाजता पहिला फोन लालबागहून आला. "गुणाजी, अभिनंदन रे! पण पत्रिका उघडत नाय."

"कसली पत्रिका?"

"तुझ्या घरच्या लग्नाची! मंडळाच्या ईमेलवरून तूच नाय पाठवलंस?"

दुसरा फोन प्रभादेवीहून, तिसरा अँटॉप हिलहून. चौथ्या फोनवर एका आजींनी तर विचारलं, आहेर आणायचा की नाही. गुणाजींना मूल एकच, मेघना. वय एकोणतीस. तेव्हा लग्न कुणाचं, हे कुणालाच विचारावं लागलं नाही. नवरा कोण, एवढंच सगळे विचारत होते.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या उन्मेषला बोलावलं. त्याने पाच मिनिटं खटखट केली आणि कपाळाला हात लावला.

"काका, ट्रोजन आहे हा. म्हणजे पत्रिकेच्या वेषात आत घुसतो. मग तुमचे सगळे पत्ते काढतो आणि तुमच्याच नावाने सगळ्यांना जातो. एकशे बारा जणांना गेलाय."

"आणि त्यांनी उघडल्यानी?"

"सगळ्यांनी! मोबाइलवर उघडेना म्हणून पोराच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडला. तिकडे पण नाही उघडला तर शेजाऱ्याला दिला. इतके मदत करणारे लोक मी बघितले नाहीत, काका. व्हायरसला काय कामच ठेवलं नाही." उन्मेषने कीबोर्ड पुढे ओढला. "टेन्शन नाय. सगळ्यांना एक मेल टाकतो. आधीचं पत्र खोटं होतं, उघडू नका."

"खबरदार!" गुणाजी ओरडले.

उन्मेष दचकला. त्या 'खोटं' या शब्दामागे काय होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी शिमग्याला देवीची पालखी कोणत्या घरी कधी जाणार, त्याचं पत्र गुणाजींनीच काढलं होतं. त्यात खालच्या वाडीतल्या भिकाजी सावंतांचं घर दुसऱ्या नंबरवरून थेट शेवटी गेलं. चूक टायपिंगची होती. भिकाजी पत्र घेऊन खोलीवर आले, साधेपणाने म्हणाले, एवढं सुधारून दे. गुणाजींनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "जावक झालेला पत्र मागे घेता येत नाय. या टेबलावरून खोटा पत्र जात नाय." त्या वर्षी पालखी भिकाजींच्या अंगणात आली तेव्हा नैवेद्य गार झाला होता आणि ढोलवाले घरी गेले होते. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

आणि मेघनाला तीन वर्षांपासून लग्न करायचं होतं ते भिकाजींच्या मुलाशी, मयूरशी.

ती दरवर्षी विचारायची, गुणाजी दरवर्षी 'नाही' म्हणायचे. मुलगा वाईट होता म्हणून नाही. त्याच्या बापाच्या दारात जायचं म्हणजे आधी ते पत्र चुकलं होतं हे कबूल करावं लागलं असतं. मुलीचा जीव जात होता आणि हा गृहस्थ एका कागदाला धरून बसला होता.

मेघना हॉस्पिटलच्या लॅबमधली, फोन बंद ठेवायची ड्यूटी संपवून खोलीवर आली, तेव्हा तिची आई रमाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "माझ्या चेडवाचा लगीन, आणि माकाच ठावक नाय!" उन्मेषने मेघनाला सगळं सांगितलं. ती हसायला लागली आणि तेवढ्यात फोन वाजला. नाव बघून गुणाजींचा चेहरा उतरला. अकरा वर्षांनी ते नाव फोनवर आलं होतं. त्यांनी घाबरून भलतंच बटण दाबलं आणि फोन स्पीकरवर गेला.

"भिकाजी बोलतंय. चेडवाचा लगीन ठरवलंस, बरा झाला. माझ्या झिलाक निदान सांगूचा तरी होता. तो सकाळपासून जेवूक नाय." मग भिकाजींनी हळूच विचारलं, "की पत्र खोटा आसा रे, गुणाजी?"

प्रश्नात अकरा वर्षं मुरलेली होती. गुणाजींनी देवीच्या फोटोकडे बघितलं, रजिस्टराकडे बघितलं.

"खरा आसा," ते म्हणाले.

"असा? मग नवरो कोण?"

मेघनाने त्यांच्या हातातून फोन घेतला.

"काका, मेघना बोलतेय. नवरा मयूर. त्याला आधी जेवायला सांगा." आणि तिने फोन ठेवून दिला.

मग गुणाजी फुटले. "कोणाक विचारून बोललंस?"

"तीन वर्षं विचारतेय, बाबा! आता विचारणार नाही. उन्मेष इथेच बसलाय. एकशे बारा घरांत कळवा, की चिटणिसांच्या टेबलावरून खोटं पत्र गेलं. मी स्वतः टाइप करून देते. नाहीतर सात डिसेंबरला मंडपात उभे राहा. तिसरं काही मी ऐकणार नाही."

तोवर रमाबाई भिंतीवरचं कॅलेंडर काढून वाचत होत्या. "सात तारखेक मुहूर्त आसा वो. दुपारचो." त्या कौतुकाने म्हणाल्या, "चोर खरो, पण पंचांग बघून पाठवल्यान!"

गुणाजी उठले. येरझाऱ्या घालायला खोली अपुरी होती, म्हणून ते दारापर्यंत जाऊन परत आले आणि कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. कुठल्या तरी देशात बसून व्हायरस पाठवणाऱ्या त्या माणसाला ते समोर असल्यासारखं सुनावू लागले.

"माका फसवतलंस? बावीस वर्सां चिटणीस आसंय मी! खोटी पत्रिका पाठवून माझो हसो करूक बघतंस? आता बघच. तुझी खोटी पत्रिका खरी करून दाखवतंय. लगीन लावतंय!"

त्यांनी जावक रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: क्रमांक चारशे सतरा, चि. सौ. कां. मेघना हिच्या विवाहाचे निमंत्रण, प्रती एकशे बारा. लिहिताना पेन दोनदा कागदातून आरपार गेलं.

भिकाजींचा होकार मयूरने मेघनाला त्याच रात्री कळवला. पुढचे दोन आठवडे गुणाजी उन्मेषला घेऊन घरोघर हिंडले. एका खोलीत गुणाजी छापील पत्रिका आणि अक्षता द्यायचे, त्याच वेळी दुसऱ्या खोलीत उन्मेष कॉम्प्युटरमधून जुनी पत्रिका काढायचा. व्हायरसचा विषय निघाला की गुणाजी म्हणत, "आधी ईमेलवर, मग हाती. आमची पद्धत आसा ती."

भिकाजींचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिथे पोचल्यावर आपण परत तेच केलं हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचे पाय दारातच अडखळले.

भिकाजींनी पाट दिला, चहा दिला. पत्रिका उलटसुलट करून निवांत वाचली. आत उन्मेष कीबोर्ड बडवत होता.

"ह्या बरोबर आसा," भिकाजी म्हणाले. "पयल्या पत्रात मात्र माझ्या झिलाचा नावच नव्हता."

"पयला पत्र..." गुणाजींनी कप खाली ठेवला. "पयला पत्र चुकीचा होता."

"खयचा पयला?" भिकाजींनी विचारलं. "ईमेलाचा, की पालखीचा?"

गुणाजींनी न प्यायलेला चहा बाजूला सरकवला.

"दोनय," ते म्हणाले.

भिकाजींनी पत्रिका देवापुढे नेऊन ठेवली आणि तिथूनच आत हाक मारली. "मयूर, चाय गरम करून घेवन ये रे. व्याह्याची गार झाली."